ग्राहकाची खुर्ची: क्रायस्लरच्या पगार-प्रकल्पाचं प्रकरण

१९९६ चा मार्च. डेट्रॉईटची क्रायस्लर ही मोटार कंपनी आपल्या लोकांच्या पगारासाठी नवं सॉफ्टवेअर बनवत होती. काम सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. माणसं होती, पैसा होता, त्या काळातली उत्तम म्हणावीत अशी साधनं होती. आणि त्या सॉफ्टवेअरमधून तोवर एकाही माणसाच्या पगाराचा चेक छापून निघालेला नव्हता.

केंट बेक या सल्लागाराला बोलावलं गेलं ते सॉफ्टवेअर हळू चालतं म्हणून. स्मॉलटॉक या भाषेतला तो जाणकार. त्यानं यावं, चार ठिकाणी घट्ट पीळ द्यावा आणि वेग वाढवून जावं, एवढीच अपेक्षा. आत शिरल्यावर त्याच्या लक्षात आलं की वेगाचा प्रश्न फार पुढचा आहे, आधी उत्तरंच चुकताहेत. उत्तर बरोबर यायची अट नसेल तर कुठलाही प्रोग्रॅम हवा तेवढा पळवता येतो. शेवटी आधीचा कोड बाजूला ठेवून नव्यानं सुरुवात करायचं ठरलं.

प्रकल्पाचं नाव क्रायस्लर कॉम्प्रिहेन्सिव्ह कॉम्पेन्सेशन. तिन्ही शब्द 'सी'नं सुरू होणारे, म्हणून सगळे त्याला सी-थ्री म्हणत. आज आपण ज्याला एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग म्हणतो ती पद्धत या खोलीत आकाराला आली. आपल्या हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात रोज जे चालतं त्यातलं बरंचसं, म्हणजे स्टोरी (ग्राहकाची एकेक गरज सांगणारं कार्ड), इटरेशन (काही आठवड्यांचा कामाचा टप्पा), आधी टेस्ट, दोघांनी मिळून कोड लिहिणं, दिवसातून अनेकदा कोड एकत्र करणं, या संघानं मनापासून आणि एकत्र करून पाहिलं. आणि १ फेब्रुवारी २००० ला हा प्रकल्प बंद करण्यात आला.

या दोन्ही गोष्टी एका दमात सांगायला हव्यात. आपल्याकडच्या प्रशिक्षणांत पहिली अर्धी गोष्ट ऐकायला मिळते. ॲजाइलला, म्हणजे छोट्या टप्प्यांत आणि ग्राहकाला सोबत घेऊन काम करायच्या अशा पद्धतींना, नावं ठेवणारे दुसरी अर्धी सांगतात. मला या दोन अर्ध्यांच्या मधल्या जागेत रस आहे, कारण गेली अठरा वर्षं मी ज्या संघांत काम केलं, त्यांतल्या निम्म्याअधिक संघांचं घोडं तिथेच अडलेलं मी पाहिलं आहे.

पगार ही सोपी गोष्ट नाही

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, पगार म्हणजे काय, मूळ वेतन अधिक भत्ते वजा कपात. घरात कुणी सरकारी नोकरीत असेल आणि वेतन आयोगाचा फरक हातात पडलेला असेल, तर तुम्हाला यातली गोम ठाऊक आहे. फरक म्हणजे मागच्या तारखेपासून नियम बदलणं. आज निर्णय झाला, पण तो दीड वर्षापूर्वीपासून लागू. मग त्या दीड वर्षातला प्रत्येक महिना पुन्हा उकलायचा, त्या काळातली रजा, बढती, ओव्हरटाइम, कर, सगळं नव्या दरानं मांडायचं आणि जुन्या दरानं दिलेलं वजा करायचं. त्यात माणूस मधेच बदली होऊन गेलेला असतो. किंवा निवृत्त झालेला असतो.

क्रायस्लरमध्ये ताशी मजुरीवरचे कामगार होते, त्यांच्या युनियनचे करार होते, महिन्याच्या पगारावरचे लोक होते, वरचे अधिकारी होते. वेगवेगळ्या गटांसाठी मेनफ्रेमवर, म्हणजे कंपनीच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकावर, वर्षानुवर्षं चालत आलेले, कोबोल या जुन्या भाषेतले वेगवेगळे प्रोग्रॅम होते. १९९९ पर्यंत सगळ्या ८७,००० लोकांचा पगार एकाच नव्या प्रणालीतून काढायचा, हा सी-थ्रीचा उद्देश. मागे २००० सालाचं सावट होतंच. ज्यांनी वर्षाचे दोनच आकडे साठवले ते प्रोग्रॅम १ जानेवारीला काय करतील, या भीतीनं तेव्हा साऱ्या अमेरिकेला घेरलं होतं. मुंबईच्या सीप्झमध्ये आणि पुण्यात आपल्या कितीतरी मुलामुलींनी त्या वर्षांत अशाच जुन्या कोबोलच्या ओळी तपासत नोकरीची सुरुवात केली. माझी पहिली टीम लीड त्यांच्यापैकीच. जुना कोड वाचताना बोट ओळीवर ठेवून वाचायची तिची सवय माझ्यातही उतरली आहे.

खोलीतलं काम

नव्या सुरुवातीनंतर संघानं अंदाज दिला: साधारण वर्षभरात प्रणाली चालू होईल. बेकनं रॉन जेफ्रीज यांना रोजच्या मार्गदर्शनासाठी आणलं. मार्टिन फाउलर यांचाही सल्लागार म्हणून सहभाग होता. बेकचं म्हणणं साधं होतं. तपासणी करणं चांगलं आहे ना, मग सारखी करा. एकमेकांचा कोड वाचणं चांगलं आहे ना, मग लिहितानाच दोघं बसा. डिझाइन सुधारत राहणं चांगलं आहे ना, मग ते रोजच्या कामातच येऊ द्या. जे चांगलं आहे त्याची बटणं शेवटपर्यंत फिरवायची.

कागदावर हे उपदेशासारखं दिसतं, म्हणून त्या पद्धतीतला एक तुकडा जवळून पाहू.

दोघं एका यंत्रासमोर बसतात. समोर हातानं लिहिलेलं एक कार्ड आहे. कार्डावर एकच गोष्ट: अमुक गटातल्या माणसाची अमुक वजावट अशी व्हायला हवी. प्रोग्रॅम लिहिण्याआधी ते टेस्ट लिहितात: हा माणूस, हे तास, हा दर, आणि उत्तर इतकं यायला हवं. टेस्ट चालवतात. ती नापास होते, कारण प्रोग्रॅम अजून नाहीच. मग ती पास होईल एवढंच लिहितात. मग थांबून बघतात की लिहिलेलं नीट वाचता येतंय का, तीच गोष्ट दोन ठिकाणी सांगितली गेली आहे का. असेल तर एका ठिकाणी आणतात आणि टेस्ट पुन्हा चालवतात. काही तासांनी काम पूर्ण झालं की ते सगळ्यांच्या कोडमध्ये मिळवायचं. तिथे सगळ्या संघाच्या सगळ्या टेस्ट चालतात. शंभरातल्या शंभर पास झाल्या तरच तुमचं काम आत. एक जरी अडली तरी ती तुमचीच, मग ती मुळात कुणीही लिहिलेली असो.

या शेवटच्या वाक्यात संस्कृती आहे. 'माझा मॉड्यूल', 'त्याचा मॉड्यूल' ही भाषा तिथे टिकत नाही. कोड सगळ्यांचा, म्हणून चूकही सगळ्यांची, म्हणून ती उघड करायला कुणी घाबरत नाही. आपल्याकडे स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीला, उभी राहिलेली मुलं 'काल हे केलं, आज ते करेन, अडचण नाही' एवढं म्हणून मोकळी होतात, तेव्हा मला या खोलीची आठवण येते. अडचण असतेच. ती सांगितली तर ती आपल्याच नावावर लागेल, अशी भीती असते. त्या भीतीवर कुठल्याही बोर्डाचा, कुठल्याही साधनाचा उपाय चालत नाही.

संघाला एक रूपकही सापडलं होतं. पगार म्हणजे कारखान्यातली जुळणीची रांग. गाडीचे सुटे भाग जसे एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्याकडे जातात, तसे इथे तासांचे आणि डॉलरचे भाग ठाण्याठाण्यावरून जातात. प्रत्येक ठाणं त्यातून काही घेतं, काही बनवतं आणि शेवटी चेक बाहेर पडतो. मोटार कंपनीतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. प्रोग्रॅमर आणि पगार खात्यातली माणसं एकाच शब्दांत बोलू लागली की निम्मे गैरसमज जन्मालाच येत नाहीत.

याच खोलीत आणखी एक वाक्य जन्मलं, जे आज जगभरचे प्रोग्रॅमर आद्याक्षरांनी ओळखतात: याग्नी. चेट हेंड्रिक्सन हे संघातले प्रोग्रॅमर. पुढे आपल्याला हे लागेल, तेही लागेल, अशी एकेक क्षमता घेऊन ते बेककडे जात आणि दर वेळी उत्तर येई: तुला ते लागणार नाही ('यू आरन्ट गोना नीड इट'). आज लागतं तेवढंच आज बांधायचं. उद्याच्या कल्पनेसाठी आज भिंती घालायच्या नाहीत, कारण उद्या आल्यावर तो वेगळाच असतो. हे तत्त्व मला पटतं आणि मी ते पाळते. पण या प्रकरणात पुढे ज्या वळणावर आपण जाणार आहोत तिथे याचीही आठवण ठेवायला हवी: आज काय लागतं हे ठरवणारं माणूस कोण?

हजार तास

टेस्टनं काय मिळतं याचं मला भावलेलं उदाहरण वेगाचं आहे. पहिल्या चाचण्यांत दिसलं की नव्या प्रणालीतून पगार काढायला १,००० तास लागतील. चोवीस तास यंत्र चालवलं तरी जवळपास ४२ दिवस. महिना तीस दिवसांचा. म्हणजे जूनचा पगार निघायच्या आत जुलै सरलेला असणार.

अशा वेळी सहसा घबराट होते, रात्रीचं जागरण सुरू होतं आणि लोक जिथे हात पोचेल तिथे कोड वाकवू लागतात. इथे मोजून पाहिलं गेलं: वेळ नेमका कुठे जातोय? तिथे सुधारणा झाली आणि आकडा ४० तासांच्या आसपास आला. आणखी महिनाभराच्या कामानंतर १८. प्रणाली सुरू झाली तेव्हा १२. चालू झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात ९.

हे शक्य झालं ते आधी लिहिलेल्या टेस्टमुळे. वेगासाठी आतलं काहीही बदला, दर बदलानंतर टेस्ट सांगतात की पगाराचे आकडे हलले नाहीत. आधी बरोबर, मग वेगवान, हा क्रम दोन वर्षांपूर्वी उलटा धरला गेला होता.

१९९७ च्या मे महिन्यात सी-थ्री चालू झाली. महिन्याच्या पगारावरच्या सुमारे १०,००० लोकांचा पगार तिच्यातून निघू लागला. दिलेल्या अंदाजापेक्षा दोनेक महिने उशीर झाला. त्या उशिराचं मुख्य कारण प्रोग्रॅमिंगमध्ये नव्हतं. पगाराचे काही नियम नेमके काय आहेत हेच स्पष्ट व्हायला वेळ लागला. दोन वर्षं एक चेक न काढू शकलेल्या ठिकाणी हे घडलं. मला हे मोठं यश वाटतं, आणि पुढे काय झालं याचा त्याला डाग लागत नाही.

तरीही त्या उशिराच्या कारणाशी जरा थांबायला हवं. नियम स्पष्ट करणारं माणूस कोण होतं?

खुर्ची

एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगच्या मूळ बारा पद्धतींपैकी एक म्हणजे ग्राहक संघासोबत एकाच जागी बसलेला असणं. हा ग्राहक म्हणजे पैसे देणारा सेठ नव्हे. पगाराचं काम हाताखालून गेलेलं, कुठल्या माणसाला किती आणि का मिळतं हे तोंडपाठ असलेलं माणूस. प्रोग्रॅमरला शंका आली की तो उठून त्या खुर्चीपाशी जातो आणि दोन मिनिटांत उत्तर घेऊन परत येतो. दोनशे पानी दस्तऐवजाची गरज पडत नाही, कारण दस्तऐवज चालतं-बोलतं समोर आहे.

सी-थ्रीत ती खुर्ची खरोखर भरलेली होती. पहिल्या टप्प्याच्या यशात तिचा वाटा फार मोठा आहे, असं मी ठामपणे म्हणते. पण त्या खुर्चीवरच्या माणसाच्या दिवसाचा विचार करा. दहा-बारा प्रोग्रॅमर, म्हणजे पाच-सहा जोड्या, दिवसभर प्रश्न विचारणार. कार्डं लिहायची ती त्या माणसानं. कुठलं कार्ड आधी, कुठलं मागे, हे ठरवायचं त्यानं. उत्तर बरोबर आलं की नाही हे तपासणाऱ्या चाचण्याही त्याच्याच. आणि आपल्या मूळ खात्यात परत गेल्यावर तिथली माणसं विचारणार की अमुक का नाही झालं, तेही ऐकायचं त्यानंच.

बारा पद्धतींत आणखी एक होती: आठवड्याला चाळीस तास. थकलेला माणूस वाईट कोड लिहितो, म्हणून लागोपाठ दोन आठवडे जादा काम करायचं नाही. नियम उत्तमच आहे. प्रोग्रॅमर जोडीनं बसत, एकाला सर्दी झाली तर दुसरा होता, एकाला काही सुचेना तर दुसरा होता. खुर्चीवरच्या माणसाला जोडीदार नव्हता.

प्रणाली चालू झाल्यानंतर काही महिन्यांनी ग्राहकाच्या त्या प्रतिनिधीनं काम सोडलं. कारण होतं ताण आणि पार पिळवटून गेलेली अवस्था. त्या तोडीचं दुसरं माणूस मिळालं नाही.

मला वाटतं, या प्रकरणाचा कणा इथे आहे. आपण संघाची संस्कृती म्हणतो तेव्हा संघ म्हणजे कोड लिहिणारे, तपासणारे, फार तर संघाचं कामकाज सुरळीत ठेवणारा स्क्रम मास्टर. आपल्याला माहिती पुरवणारं माणूस आपल्या हिशेबात 'बाहेरचं' असतं. त्याची दमछाक आपल्या कुठल्याही तक्त्यावर दिसत नाही. रेट्रोला, म्हणजे टप्प्याअखेरच्या आढाव्याला, आपण आपलं काय चुकलं ते बोलतो, त्याला कसं वाटतंय हे कुणी विचारत नाही.

दोन इच्छा

पुढची अडीच वर्षं संघ काम करत होता. इटरेशन संपत होत्या, टेस्ट पास होत होत्या, कार्डं पूर्ण होत होती. पण १०,००० चे ११,००० झाले नाहीत. पुढचा एकही गट नव्या प्रणालीवर गेला नाही.

बंद झाल्यानंतर बेक आणि संघातली इतर माणसं याबद्दल मोकळेपणानं बोलली आणि लिहिती झाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नवीन आलेल्या ग्राहक प्रतिनिधींना चालू प्रणालीत बारीकसारीक सुधारणा हव्या होत्या. ज्यांचा पगार आधीच त्यातून निघत होता त्यांच्या दृष्टीनं ते रास्तही होतं. वरच्या आयटी व्यवस्थापनाला मात्र हवं होतं की जुन्या मेनफ्रेमवरची पुढची पगार प्रणाली बंद व्हावी, कारण पैसा त्यासाठीच मंजूर झालेला. संघ ज्याचं ऐकत होता तो एक, आणि संघाचं मोल ठरवणारा दुसरा. या दोघांसाठी इंग्रजीत यमक जुळणारी एक जोडी वापरली गेली: 'गोल डोनर' आणि 'गोल्ड ओनर', काय हवं ते सांगणारा आणि थैली सांभाळणारा. या दोघांच्या मनात एकच गोष्ट नव्हती आणि संघाला ते वेळेत उमगलं नाही. किंवा उमगलं, पण त्यावर काही करता आलं नाही.

आता याग्नीकडे परत येऊ. आज लागतं तेवढंच बांधा, हे तत्त्व खुर्चीवर पूर्ण कंपनीचं भान असलेलं माणूस असताना उत्तम चालतं. खुर्चीवर फक्त आजच्या तक्रारी घेऊन आलेलं माणूस असेल, तर तेच तत्त्व संघाला गोल गोल फिरवत ठेवतं. दर तीन आठवड्यांना मागितलेलं मिळतं. सगळे समाधानी दिसतात. आणि ज्या कामासाठी सगळा खटाटोप मांडला त्याचं कार्डच कुणी लिहीत नाही.

मधल्या काळात १९९८ मध्ये क्रायस्लर आणि जर्मनीची डाइमलर-बेंझ एकत्र आल्या. वरची माणसं बदलली, प्राधान्यं बदलली. काही जण सी-थ्री बंद पडण्याचं सगळं खापर या विलीनीकरणावर फोडतात. मला ते पटत नाही. वारा सुटला हे खरं, पण खांबाला वाळवी आधीच लागलेली होती. १९९७ च्या अखेरीपासून पुढचा गट पुढे सरकत नव्हता. दोन वर्षं न हललेल्या प्रकल्पाला नवा मालक हात लावणारच.

आमच्याकडचं एक

हे मी एवढ्या कळकळीनं लिहिते त्याचं कारण पुण्यातला एक प्रकल्प. गोदामाच्या व्यवस्थेचं काम होतं, ग्राहक अमेरिकेतला. त्यांच्याकडून एक बाई आम्हाला मिळाल्या होत्या, गोदामात वीस वर्षं काढलेल्या. त्यांच्या सकाळी साडेसहाला, म्हणजे आमच्या चार-पाचला, रोज कॉलवर यायच्या. 'खराब माल' म्हणजे नेमकं काय, यावर आमचा दोन दिवस काथ्याकूट चालला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक चेपलेला खोका कॅमेऱ्यासमोर धरला. कोपरा दबलेला, पण आतली वस्तू धड. मग दुसरा खोका: बाहेरून कोरा करकरीत, फक्त लेबल ओलं होऊन शाई पसरलेली. म्हणाल्या, पहिला विकता येतो, दुसरा येत नाही, कारण तो काय आहे हेच यंत्राला वाचता येत नाही. आमच्या डेटाबेसमधला एक आख्खा रकाना त्या दिवशी बदलला.

त्यांचं मूळ कामही सुटलेलं नव्हतं. कॉल संपला की त्या आठ तास गोदामात उभ्या. आम्हाला हे माहीत होतं आणि आम्ही त्याबद्दल कधी काही केलं नाही. एके दिवशी त्यांनी सांगितलं की पुढच्या आठवड्यापासून त्या नसतील. नंतर आलेल्या दोघांनी आमच्याकडून रंग, रकान्यांचा क्रम, एक्सेलमध्ये उतरवायची बटणं मागितली. आम्ही सगळं दिलं. आमची व्हेलॉसिटी, म्हणजे दर टप्प्यात काम उरकायची गती, तेव्हा सगळ्यात चांगली होती. आठ महिन्यांनी वरून विचारणा झाली की दुसरं गोदाम कधी जोडताय, तेव्हा आमच्या बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, त्याचं एकही कार्ड नव्हतं. पुढच्या तिमाहीत काम बंद झालं. मी अगदी मनापासून पाट्या टाकत होते, हे कळायला मला सी-थ्रीचं प्रकरण वाचावं लागलं.

नंतर

सी-थ्री बंद झाल्यावर एक वर्ष आणि दहा दिवसांनी, ११ ते १३ फेब्रुवारी २००१ या काळात, युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि ॲजाइलचा जाहीरनामा लिहिला गेला. बेक, जेफ्रीज आणि फाउलर तिघंही त्यात होते. जाहीरनाम्यासोबत बारा तत्त्वं आहेत. त्यातलं चौथं म्हणतं की व्यवसायातली माणसं आणि डेव्हलपर यांनी प्रकल्पभर रोज एकत्र काम करावं. हे आपल्याकडे पाठ असतं. आठवं फारसं कुणी उच्चारत नाही. त्यात टिकणाऱ्या गतीबद्दल लिहिलं आहे आणि ती गती कुणी राखायची त्यांची नावं एका रांगेत आहेत: पैसा पुरवणारे, डेव्हलपर आणि वापरणारे. तिघंही. सी-थ्रीच्या खोलीत चाळीस तासांचा नियम यातल्या एकालाच लागू झाला होता.

बेकच्या स्वतःच्या मांडणीतही बदल झाला. १९९९ मध्ये एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवरचं त्याचं पुस्तक आलं तेव्हा 'जागेवरचा ग्राहक' ही एक पद्धत होती. २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती त्या रूपात राहिली नाही. 'संपूर्ण संघ' आला, ज्यात ग्राहकाकडची माणसंही मोडतात, आणि 'ग्राहकाचा खरा सहभाग' आला. ज्याची पद्धत आहे त्यानंच ती पाच वर्षांत बदलली, आणि आपण मात्र काय बांधायचं ते ठरवणाऱ्या एका प्रॉडक्ट ओनरच्या डोक्यावर सगळा भार ठेवून तिला प्रमाणपत्राची चौकट देऊन बसलो आहोत. त्यातही आपल्याकडे बहुतेकदा प्रॉडक्ट ओनर हा ग्राहक नसतोच. तो ग्राहकाच्या वतीनं बोलणारा आपल्याच कंपनीतला माणूस असतो, ज्यानं गोदाम किंवा पगाराचं खातं कधी आतून पाहिलेलं नसतं. तो रात्री साडेनऊच्या कॉलवर तिकडच्यांना विचारतो आणि सकाळी आपल्याला सांगतो. दोन मिनिटांचं उत्तर दोन दिवसांनी मिळतं, आणि खोक्याचा दबलेला कोपरा कुणालाच दिसत नाही.

सध्याच्या माझ्या संघात आम्ही अकरा जण आहोत. काम विम्याच्या दाव्यांचं. ग्राहकाकडून दोन माणसं मागून घेतली आहेत, दुसरं मिळत नसेल तर काम सुरू करायचं नाही असं नव्हे, पण दोन मिळेपर्यंत मागत राहायचं, असं ठरलेलं. दोघांतला एक रजेवर गेला तरी दुसरा असतो, आणि दोघांचं एकमत नसेल तर ते आमच्यासमोर भांडतात, ज्यातून आम्हाला एका माणसाच्या शांत उत्तरापेक्षा जास्त कळतं. शुक्रवारी त्यांचे तास आम्ही विचारतो आणि आमच्या तासांशेजारी लिहितो. मागच्या महिन्यात त्यातल्या एकीचे सलग दोन आठवडे पन्नासच्या वर गेले तेव्हा आम्ही त्या इटरेशनमधली चार कार्डं मागे ठेवली.

कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात आता दोन नावं असतात: हे कुणी मागितलं, आणि याचे पैसे कोण मोजतंय. पहिलं नाव लिहायला काही सेकंद लागतात. दुसऱ्यासाठी कधीकधी फोन करावा लागतो. परवा एका कार्डावर दुसरी जागा तीन दिवस कोरी राहिली. चौथ्या दिवशी कळलं की पैसे मोजणाऱ्याला ते काम नकोच होतं, त्याला जुनी प्रणाली बंद करण्याची तारीख हवी होती. ते कार्ड आम्ही काढलं आणि तारखेचं लिहिलं.